सहा ठिपक्यांमागचं कसब

आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काहीच बोलणार नाही. आज एका कामाची गोष्ट सांगणार आहे. हे काम जगात पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ चाललं आहे, त्यात बायकांचा मोठा हात आहे, आणि तरीही ते "काम" आहे हे लोकांच्या गळी उतरत नाही. छापील मजकूर ब्रेलमध्ये उतरवण्याचं काम. मराठीत त्याला ब्रेल लिप्यंतर म्हणतात.

मला यातलं काही कळत होतं असं नाही. आमच्या प्रभागात दिव्यांग महिलांचा एक गट आहे. त्यात एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. लहानपणी देवी आल्या आणि डोळे गेले. घरच्यांनी मुंबईच्या अंधशाळेत घातलं, म्हणून ब्रेल येते. एकदा एका कार्यालयाकडून बचत गटाच्या नियमांची पुस्तिका आली, चक्क ब्रेलमध्ये. मला एवढा आनंद झाला की बैठकीची वाटही न बघता मी ती मावशींच्या घरी घेऊन गेले. मावशींनी पदराला हात पुसले, पुस्तिका मांडीवर घेतली आणि बोटं फिरवायला लागल्या. थोड्या वेळानं हसायलाच लागल्या.

"अगं, हा बजज कोण?"

"कोण बजज, मावशी?"

"इथं लिहिलंय, प्रत्येक सभासदानं दरमहा बजज रुपये बचत करावी."

छापील प्रतीत होतं, दरमहा २०० रुपये. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी चिन्हं नसतात. पहिल्या दहा अक्षरांचीच चिन्हं आकडे म्हणून वापरतात, आणि ती आकडा म्हणून वाचायची हे कळावं म्हणून अगोदर अंकचिन्ह द्यावं लागतं. जे ब चं चिन्ह तेच दोनचं, जे ज चं तेच शून्याचं. अंकचिन्ह राहिलं की २०० चं बजज होतं. पुस्तिकेत सगळीकडे ते राहिलेलं होतं. दर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. बचत गटाच्या नियमांत आकडे गेले तर उरलं काय?

मी कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस चांगला होता, उर्मट नव्हता. म्हणाला, "ताई, ब्रेल म्हणजे काय, टाईप करायचं आणि बटण दाबायचं. मशीन आपोआप ठिपके पाडतं." मला राग आला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. पण हे वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून मी वाचायला लागले. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज सांगते.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या कूव्रे नावाच्या खेड्यात. तिथे घोड्यांचे खोगीर-लगाम शिवणारा एक कारागीर होता. त्याचा धाकटा मुलगा लुई ब्रेल, जन्म ४ जानेवारी १८०९. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी कातडं टोचायची आरी घेऊन खेळताना ती डोळ्यात घुसली. जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि काही काळात पोर पूर्ण आंधळं झालं. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवलं.

त्या शाळेत पुस्तकं होती, पण कशी? व्हॅलंतँ आउई नावाच्या माणसानं १७८५ च्या सुमारास ती शाळा काढली होती. जाड ओल्या कागदावर नेहमीचीच अक्षरं दाबून उठवायची आणि मुलांनी त्यांच्या कडा बोटांनी चाचपायच्या, अशी त्याची रीत. पुस्तकं अवजड, आणि एक ओळ वाचायला केवढा वेळ. ही अक्षरं डोळ्यांसाठी घडलेली. आउईचे उपकार मोठे आहेत, कारण आंधळी मुलं शिकू शकतात हेच त्यानं लोकांना दाखवलं. पण ज्याच्यासाठी करायचं त्याच्या बोटाला काय सोपं जातं, हे विचारायचं राहून गेलं. शिवाय त्या पद्धतीत मुलांना वाचता यायचं, स्वतः लिहिता मात्र येत नव्हतं.

चार्ल्स बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्यानं उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धत शाळेत आणली. एका चिन्हात बारापर्यंत ठिपके. ते एका बोटाखाली मावत नसत. लुईनं ते निम्म्यावर आणले: दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत तीन ठिपके, एकूण सहा. बोट न हलवता एका स्पर्शात कळणारे. सहा ठिपक्यांपैकी कोणते उठवायचे आणि कोणते सोडायचे, यातून त्रेसष्ट चिन्हं होतात. १८२४ मध्ये तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा हे बरंचसं बसलं होतं. १८२९ मध्ये त्यानं ते छापून मांडलं. १८३७ मध्ये सुधारून पुन्हा मांडलं, आणि त्याच वर्षी ब्रेलमधलं पहिलं पुस्तक निघालं, फ्रान्सच्या इतिहासाचं, तीन खंडांत. आणि ठिपके पाडायचं साधन? टोकदार दाभणासारखं. ज्या जातीच्या हत्यारानं डोळा गेला, त्याच जातीचं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १८४० मध्ये शाळेला नवे संचालक आले. त्यांना ही ठिपक्यांची लिपी नको होती. डोळसांना वाचता येत नाही अशी लिपी आंधळ्यांना शिकवली तर ते समाजापासून तुटतील, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, नाही का? त्यांनी लिपीवर बंदी घातली, पुस्तकं जाळली. पण मुलं ऐकेनात. साधनं काढून घेतली तर विणकामाच्या सुयांनी ठिपके पाडत, असं सांगतात. रात्री एकमेकांना चिठ्ठ्या, रोजनिशा. शेवटी संचालकांच्याच सहायकानं, जोझेफ ग्वादे यांनी, समजूत घातली आणि १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला लोकांसमोर या लिपीचं प्रात्यक्षिक झालं. लुई १८५२ मध्ये क्षयानं वारला, अवघा त्रेचाळीस वर्षांचा. फ्रान्सनं लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये, तो गेल्यानंतर दोन वर्षांनी.

आता लिपी झाली. पण लिपी म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तक कुणीतरी त्या लिपीत उतरवायला हवं.

सुरुवातीला हे काम हातानं चाले. ब्रेल पाटी असते, दोन पत्र्यांची, मधे कागद अडकवायचा. वरच्या पत्र्याला खिडक्या, प्रत्येक खिडकीत सहा ठिपक्यांची जागा. टोचणीनं वरून दाबलं की ठिपका कागदाच्या खालच्या बाजूला उठतो. म्हणजे वाचायला कागद उलटावा लागतो, आणि म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. आपण ब्लाऊज शिवताना उलट बाजूनं शिवतो आणि मग सुलट करतो, तसंच समजा. फरक इतकाच की इथे एक टाका चुकला तर वेगळाच शब्द तयार होतो. आपल्या मराठी ब्रेलमध्ये ह आणि ज ही चिन्हं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. लिहिणारीचं लक्ष क्षणभर ढळलं की "हात" चं "जात" होतं. ब ला दोन ठिपके, त्याखाली एक जास्त पडला की ल. "बाळ" चं "लाळ" होतं. एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंत अंतर असतं साधारण अडीच मिलिमीटर. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना सांगायला नको की एक ठिपका सरकला तर पुढचं सगळं कसं फिसकटतं. पण रांगोळी पुसता येते. कागदावर पडलेला ठिपका नखानं दाबून बसवावा लागतो, आणि त्याची खूण बोटाला पुढेही लागत राहते.

इंग्लंडमध्ये थॉमस आर्मिटेज नावाचे डॉक्टर होते. नजर गेल्यामुळे त्यांना डॉक्टरकी सोडावी लागली. त्या काळी तिथे अंधांसाठी चार-पाच वेगवेगळ्या लिप्या चालत आणि प्रत्येकीचे पुरस्कर्ते आपलीच खरी म्हणत, बहुतेक सगळे डोळस. आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये संस्था काढली आणि ठरवलं की कोणती लिपी चांगली याचा निवाडा आंधळेच करतील, तेही बोटांनी वाचणारे. निवड झाली ब्रेलची. मग पुस्तकं हवी झाली. १८८२ मध्ये मार्था आर्नोल्ड नावाच्या बाईंनी लंडनमध्ये अंधांसाठी पुस्तकं वाचायला देणारं वाचनालय सुरू केलं, आणि त्यासाठी घरोघरच्या बायका ब्रेल शिकून पुस्तकं उतरवायला लागल्या.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते कामाची किंमत इथेच ठरली आणि तिथेच अडकली. या बायका सुखवस्तू घरातल्या. त्यांना पैशाची गरज नव्हती, आणि चांगल्या घरच्या बाईनं पैसे घेणं शोभतही नव्हतं. त्या मनापासून करायच्या, वर्षानुवर्षं करायच्या. त्यांच्यामुळे हजारो पुस्तकं झाली. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते असं: ब्रेल उतरवणं म्हणजे दयाळू बायकांचा दुपारचा विरंगुळा. पुण्याचं काम. पुण्याच्या कामाला शिक्षण लागत नाही, परीक्षा लागत नाही, आणि मजुरी तर लागतच नाही! आपल्याकडे अंगणवाडीच्या बाईला पगार नाही, मानधन मिळतं. शब्दच बघा कसा निवडलाय.

अमेरिकेत गोष्ट थोडी पुढे गेली, आणि ती नेली एका अंध बाईनं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक परत आले. त्यांना पुस्तकं हवी होती. रेडक्रॉसच्या स्वयंसेविका ब्रेल शिकू लागल्या. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात अंधांसाठी वाचनकक्ष होता, तिथे अडेलिया हॉइट काम करत. त्या स्वतः अंध होत्या. स्वयंसेविकांना शिकवणं, त्यांची पानं तपासणं, चुका दाखवून परत पाठवणं हे काम त्यांच्याकडे आलं. हे चित्र मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मजा वाटते: डोळस बाई मोठ्या मायेनं पान लिहून आणते आणि आंधळी बाई ते बोटांनी वाचून सांगते, इथे, इथे आणि इथे चुकलंय, पुन्हा लिहा. दया करायला आलेली बाई तिथे शिकाऊ उमेदवार होते.

त्यातूनच पुढे प्रमाणपत्राची पद्धत रुळली, ती आजही चालते. उमेदवाराला धडे पूर्ण करावे लागतात, त्याला अनेक महिने लागतात. शेवटी पस्तीस ब्रेल पानांचा मजकूर उतरवून पाठवायचा. तपासनीस एकेका ठिपक्याचे गुण कापतात. त्यात उत्तीर्ण झालं तरच प्रमाणित लिप्यंतरकार. गणितासाठी वेगळं प्रमाणपत्र, संगीतासाठी वेगळं. हो, सुरांची लिपीसुद्धा ब्रेलमध्ये आहे, ती लुईनंच बांधली, तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. आणि गणिताची चिन्हं अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञानं बांधली.

यंत्रंही आली. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या एका अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी ब्रेल लिहायचं यंत्र केलं. सहा ठिपक्यांना सहा कळा, जे ठिपके हवेत त्या कळा एकदम दाबायच्या. पेटी वाजवताना स्वर दाबतो तसं. आरशातलं उलटं लिहिणं संपलं. १९५१ मध्ये पर्किन्सच्या अंधशाळेतले शिक्षक डेव्हिड अब्राहम यांनी केलेलं यंत्र आलं, ते आजही आपल्याकडच्या शाळांत खटखट वाजताना ऐकू येतं. यंत्रानं हाताचा शीण कमी केला. डोक्याचा केला नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतातली पहिली अंधशाळा अमृतसरला १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. आपल्या मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी शाळा सुरू केली. छप्पनचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं जो सांगत, त्याच दुष्काळात पोरकी झालेली अंध मुलं तिच्यात होती. तीच शाळा आज दादरला मुलींची अंधशाळा म्हणून चालते. शाळा निघत गेल्या, पण लिपी एक नव्हती. जिथे जो शिकवणारा, तिथे त्याची ब्रेल. मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी बांधलेली, बंगालमध्ये शहा यांची, म्हैसूरची आणखी वेगळी. तेच सहा ठिपके, पण इथे ज्याचा क, तिथे त्याचा भलताच काही. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येईना. छापखाना काढायचा तर कोणत्या लिपीत काढायचा?

स्वातंत्र्यानंतर लगेच हा गुंता सोडवायला घेतला. १९४९ मध्ये भारत सरकारनं युनेस्कोला पत्र लिहिलं. १९५० मध्ये पॅरिसला परिषद झाली, १९५१ मध्ये बैरूतला. त्याच वर्षी "भारती ब्रेल" ठरली. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, उर्दू, कोणतीही भाषा असो, एका उच्चाराला सगळीकडे एकच चिन्ह. आणि शक्य तिथे तेच चिन्ह जे इंग्रजी ब्रेलमध्ये त्या उच्चाराला आहे. डोळसांच्या लिप्या आजही वेगळ्या आहेत. बोटांनी वाचणाऱ्यांची अक्षरं मात्र पंचाहत्तर वर्षांपूर्वीच एक झाली. १९५१ मध्येच डेहराडूनला देशातला पहिला ब्रेल छापखाना सुरू झाला. पुढच्या वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली, तिनं पुढे ब्रेल छपाईचं मोठं काम केलं.

भारती ब्रेलमध्ये मराठी कशी बसते ते थोडं सांगते, म्हणजे "बटण दाबायचं" का नाही ते कळेल. आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना ब्रेलमध्ये वेगळी चिन्हं नाहीत. क लिहून पुढे आ लिहिला की झाला का. छापील "कि" लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, बोलताना मात्र इ नंतर येते. ब्रेल उच्चाराच्या बाजूची आहे, क आधी, इ नंतर. जोडाक्षरात अर्ध्या अक्षराच्या अगोदर एक एकटा ठिपका येतो, तो सांगतो की पुढचं अक्षर अर्धं आहे. "सूर्य" मध्ये रफार य च्या डोक्यावर बसतो, ब्रेलमध्ये तो आपल्या जागी खाली उतरतो: स, ऊ, अर्ध्याचा ठिपका, र, मग य. ब्रेल शिकलेल्या मुलांना रफार ही भानगड काय असते ते वेगळं समजावून सांगावं लागतं.

आणि आता मेख. "सई" हे नाव घ्या. स आणि ई. पण व्यंजनापुढे ई लिहिली की तिची वेलांटी होते, म्हणजे "सी" वाचलं जातं. म्हणून मधे एक अ घालावा लागतो. "मऊ" चंही तसंच, अ नाही घातला तर "मू". आमच्या त्या पुस्तिकेच्या शेवटी सभासदांच्या नावांचा नमुना तक्ता होता. त्यात सई नावाची सभासद "सी" झाली होती.

संगणकाची आज्ञावली हे नियम पाळते, पण तिला नियम नीट भरून दिलेले हवेत आणि मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडे पुष्कळ छापखान्यांत मराठी मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. ती तशीच ब्रेलच्या यंत्रात घातली तर यंत्र बिनबोभाट खिचडीचेच ठिपके पाडतं. यंत्राला लाज वाटत नाही. म्हणून आधी मजकूर बदलून घ्यायचा, मग ओळ न् ओळ बघायची.

तेवढंही पुरत नाही. छापील एक पान ब्रेलमध्ये साधारण तीन पानं घेतं. म्हणजे "पान ४ वरचा तक्ता बघा" या वाक्याचं काय करायचं? जाड अक्षरातली सूचना बोटाला कशी कळवायची? तक्ता सहा रकान्यांचा असेल आणि ब्रेलच्या एका ओळीत फार तर चाळीस चिन्हं मावत असतील, तर तक्ता मोडून कसा मांडायचा की वाचणारीला कोणता आकडा कुणाचा ते कळेल? शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाची आकृती असते. ती उठावात काढायची, की शब्दांत सांगायची, आणि सांगायची तर किती? हे सगळं ठरवायला लिपीबरोबर विषयही कळावा लागतो. मग सगळ्यात शेवटी तपासणी. बहुतेक चांगल्या ठिकाणी ती दोघं मिळून करतात: ब्रेल वाचणारी अंध व्यक्ती मोठ्यानं वाचते, समोर बसलेली डोळस व्यक्ती छापील प्रत धरते. मोठ्या छपाईत पूर्वी ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उठवत आणि पत्र्यावरून कागद काढत. पत्र्यात राहिलेली चूक प्रत्येक प्रतीत जायची. म्हणून तपासणाराचं बोट हे त्या धंद्यातलं सगळ्यात महागडं हत्यार.

मराठीत हे काम किती नेटानं होऊ शकतं ते "स्पर्शज्ञान" नं दाखवलं. १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक, महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला निघणारं. संपादक स्वागत थोरात हे डोळस, नाटकवाले. अंध मुलांबरोबर काम करता करता स्वतः ब्रेल शिकले. त्यांच्या लक्षात आलं की अंध मुलं पुस्तकं वाचतात, पण गप्पा मारायला, वाद घालायला त्यांच्याकडे वर्तमानपत्र नाही. पाक्षिक असल्यामुळे ठरलेल्या तारखेला अंक तयार हवा, म्हणजे दर पंधरा दिवसांनी उतरवणं, तपासणं, छापणं, टपालात टाकणं. ज्यांनी गटाचा मासिक अहवाल वेळेवर देऊन बघितला आहे त्यांना याचा अर्थ कळेल.

कायदाही बाजूनं आहे. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात बदल झाला, आता अंध वाचकांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायला प्रकाशकाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. यासाठीचा मराकेश नावाचा जागतिक करार आहे, तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. आपण मत द्यायला जातो तेव्हा मतदान यंत्रावर निळ्या बटणांच्या शेजारी ब्रेल आकडे असतात, पुढच्या वेळी बोट फिरवून बघा. ब्रेल आता सगळीकडे लागायला लागली आहे, लिफ्टमध्ये, फलकांवर. पण एका ठिकाणी मी ब्रेलची पट्टी उलटी चिकटवलेली पाहिली आहे. पाहिली म्हणजे, मावशींनी दाखवली. पट्टीवर खर्च झाला होता, ती लावताना वाचता येणारं माणूस मात्र कुणी विचारलं नव्हतं.

परत आमच्या पुस्तिकेकडे येते. मावशी आणि मी दोन दुपारी बसलो. त्या वाचत गेल्या, मी छापील प्रत धरली. बारा पानांत चुकांची यादी माझ्या वहीची साडेतीन पानं झाली. मी ती स्वच्छ लिहून कार्यालयाला पाठवली. त्यांनी मानलं, आणि दुरुस्त पुस्तिका छापण्याआधी पुन्हा मावशींकडून तपासून घ्यायचं कबूल केलं. मग प्रश्न आला पैशाचा, आणि तो कार्यालयात नाही, आपल्याच बैठकीत आला.

एक जण म्हणाली, "त्यांच्यासारख्यांसाठीच आहे ना पुस्तिका? मग त्यांनी पैसे कसले घ्यायचे?" दुसरी म्हणाली, "बसून वाचायचंच तर आहे." मी काही बोलले नाही, कारण त्याआधीच मी स्वतः मावशींना खण-नारळ देऊन आले होते आणि मनातल्या मनात हिशेब चुकता केला होता. बोलली ती आमची गोधड्या शिवणारी सभासद. तिची गोधडी लोक सहाशेला मागतात आणि म्हणतात, घरबसल्या तर शिवतेस. ती म्हणाली, "मी शिवते त्याला तुम्ही मजुरी लावता का नाही? मग हिचं बोट फुकट का?"

बराच वेळ वाद झाला. खरं सांगायचं तर सगळ्यांना पटलं असं नाही. दर काय लावावा तेही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी शेतातल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतका दर एका दुपारला धरला. तो कमीच आहे असं मला आजही वाटतं, पण ठराव झाला आणि पैसे कार्यालयाकडून मागायचे ठरलं. मी संध्याकाळी जाऊन मावशींना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "खण-नारळ परत नाही द्यायची मी, सांगून ठेवते. पण वहीत काय लिहिलंस?"

मी म्हटलं, "मानधन."

"खोड ते."

मी तिथेच चुलीच्या उजेडात वही काढली, मानधन खोडलं आणि मजुरी लिहिलं. मावशींनी पीठ लागलेला हात पुढे केला आणि विचारलं, आकड्याच्या आधी काय घालायचं असतं ते आठवतंय ना?